जुळी नर देत नाही, तात्या



पत्र छापील दिसलं म्हणून बिचकू नका. फोनवर तुम्ही जे विचारलंत तेच मला जिंतूरकडच्या, पाथरीच्या आणि तिकडे मुखेडच्या मेंढपाळांनीही विचारलं आहे. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा तुम्हाला सांगते, बाकीचे ऐकतील. शिवाय फोनवरचं तुमचं ऐकणं मला ठाऊक आहे. तोंडानं "हं, हं" आणि लक्ष सगळं दुसऱ्याच्या हरभऱ्याकडे वळलेल्या मेंढरावर. कागद असला की झरीत कुणाकडून तरी दोनदा वाचून घ्याल.

तुमचा प्रश्न असा होता. मोबाइलवर कुणीतरी एक नर दाखवला, त्याची किंमत चांगल्या दुभत्या म्हशीएवढी. तो कळपात सोडला की सगळ्या मेंढ्या जुळी देतात, असं त्या व्हिडिओतला माणूस सांगतो. "खरं म्हणायलेत का गं हे?"

अर्धं खरं म्हणायलेत, तात्या. पण जे अर्धं खोटं आहे, नेमकं त्याचेच पैसे तुमच्याकडून मागायलेत.

आधी खोटं सांगते. कोकरं किती व्हायची हे नराच्या हातात नसतं. एका वेळच्या रेतात अब्जावधी शुक्राणू असतात, तिथं कधी ददात नसते. सगळा हिशेब मेंढीच्या बाजूला. मेंढी साधारण सतरा दिवसांनी माजावर येते, माज दिवस-दीड दिवस टिकतो आणि तो उतरणीला लागला की बीजकोशातून बीज सुटतं. आपल्या दख्खनी मेंढीचं बहुतेक वेळा एकच सुटतं. दुसरं सुटलंच नाही, तर म्हशीच्या किमतीचा नर आला काय आणि वाड्यातलाच जुना आला काय, फळायला तिथं काही नाही.

म्हणजे हा नर तुम्ही आषाढात सोडलात, तरी पाच महिन्यांनी मार्गशीर्षात तुमच्या मेंढ्या नेहमीसारखंच एकेक कोकरू देतील. जुळी देतील त्या त्याच्या लेकी, तेही त्याच्यात तो गुण असला तर. त्या लेकी जन्मायच्या, वाढायच्या, वर्ष-सव्वा वर्षाच्या होऊन माजावर यायच्या, मग गाभणपणाचे पाच महिने. वाघुरीत पहिलं जुळं दिसायला दोन वर्षं सहज जातात. तोवर व्हिडिओतला माणूस तुमचा फोन उचलेल का, हे तुम्हीच ठरवा.

खरं अर्धं मात्र मोठं आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रातच घडलं. सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, बनबिहारी निंबकरांनी 1968 साली काढलेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला 'नारी' म्हणतात. तिथलं शेळ्या-मेंढ्यांचं काम त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी उभं केलं. या चंदाताई म्हणजे इरावती कर्व्यांची नात. आजीनं महाराष्ट्रातल्या माणसांची मोजमापं घेत गावं पालथी घातली, नातीनं मेंढरांची घेतली.

त्यांच्यापुढचा प्रश्न तुमचाच होता. लोकर कातरायची मजुरी लोकरीतून निघत नाही, घोंगडी विणणारे हात थोडे उरले, तेव्हा मेंढपाळाचं उत्पन्न आता कोकरांवर. कोकरं वाढवायची तर एक रस्ता म्हणजे मेंढ्या वाढवणं. पण चरायचं कुठं? आपल्याकडंच बघा. गायरानं आवळत गेली, सोयाबीन निघालं की आठ दिवसांत रोटाव्हेटर फिरतो, पूर्वी महिना-महिना मोकळी असायची ती रानं आता दुसऱ्या पेऱ्यासाठी घाईत असतात. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात मेंढ्या भरल्या 27 लाखांच्या आसपास, शेळ्या मात्र कोटीच्या वर. उरलेला दुसरा रस्ता म्हणजे तितक्याच मेंढ्यांकडून जास्त कोकरं. मेंढी एक कोकरू देवो की दोन, वर्षभर चरायची ती चरतेच. म्हणून दुसरं कोकरू अर्ध्या खर्चात पडतं. असा तो हिशेब, आणि कागदावर तो अगदी बरोबर आहे.

नव्वदच्या दशकात फलटणच्या लोकांनी पश्चिम बंगालमधून, सुंदरबनाच्या खाडीतून गारोल मेंढी आणली. तात्या, तुम्ही ती पाहिली असती तर कोकरू समजून तिची आई शोधली असतीत. पूर्ण वाढलेली मेंढी दहा ते चौदा किलोची. पाण्यात, चिखलात गुडघाभर उभी राहून चरते, आपल्या मेंढीचे खूर अशा ठिकाणी दोन दिवसांत कुजतील. अंगावर मांस नाही, लोकर नावापुरती. पण जुळी तिला नेहमीची आणि तिळीही नवलाची नाहीत. खाडीकाठच्या गरीब घरांत दोन-चार गारोल असायच्या. त्यांच्याकडे जगाचं लक्ष जावं असं काही कुणाला वाटलं नव्हतं.

लक्ष गेलं ते फार लांबून, ऑस्ट्रेलियातून. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ 'बुरूला' नावाच्या वाडीवर सीअर्स नावाच्या भावांचा मेरिनो मेंढ्यांचा कळप होता. त्यातल्या काही मेंढ्या तीन-तीन, चार-चार कोकरं देत. या भावांनी काय केलं, तर जास्त कोकरं देणाऱ्या मेंढ्या वेगळ्या काढून त्यांचीच पैदास ठेवली. कुठलं शास्त्र नाही, नुसती नजर. 1958 साली त्यांनी पाच भावंडांत जन्मलेला एक नर तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला भेट दिला. तो घेतला हेलन न्यूटन टर्नर या बाईंनी. शिकल्या होत्या वास्तुशास्त्र, नोकरी मिळाली प्रयोगशाळेत सेक्रेटरीची, आणि तिथून पुढे त्या मेंढ्यांच्या पैदासशास्त्रात जगभर नाव घेतलं जाईल इतक्या मोठ्या झाल्या. बायकांना कळपातलं काय कळतं, असं म्हणणारे आपल्या पारावर अजून आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बुरूलाच्या कळपावर पुढची वीस-बावीस वर्षं काम चाललं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला की हा जास्त बीजं सुटण्याचा गुण शंभर लहान-लहान कारणांनी आलेला नाही, तो एकाच जनुकात आहे. त्याला पुढे 'फेकबी' असं नाव मिळालं. 2001 साली फ्रान्स, न्यूझीलंड आणि स्कॉटलंड इथल्या तीन गटांनी, प्रत्येकानं आपापल्या वाटेनं जाऊन, तो नेमका बदल शोधून काढला. बीजकोशातल्या एका निरोप झेलणाऱ्या रेणूच्या जनुकात एकाच अक्षराचा फरक. एवढ्या फरकानं बीजांचे फोड लहान असतानाच पिकतात, आणि एक मोठा होऊन बाकीचे मागे पडण्याऐवजी दोन-तीन बरोबरीनं सुटतात.

आता मौज पाहा. 1792-93 साली कोलकात्याहून जहाजानं बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात उतरल्याची नोंद आहे. बुरूलाच्या मेरिनोत तो गुण त्यांच्याकडून आला असावा, असा तर्क होता. 2002 मध्ये आठ देशांतल्या जास्त कोकरं देणाऱ्या मेंढ्यांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा गारोलमध्ये तोच बदल, त्याच जागी सापडला. पुढं ओडिशाच्या केंद्रपाडा मेंढीतही निघाला. दोनशे वर्षं परदेशात राहून, दुसऱ्याचं नाव लावून गाजलेला हा आपल्याच मेंढीचा गुण.

फलटणच्या कामाला ऑस्ट्रेलियन सरकारच्या कृषी संशोधन केंद्राचं आणि आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठाचं साहाय्य होतं. रक्त तपासायची सोय पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं बसवून दिली. ही तपासणी झाली नसती तर बाकी सगळं अंधारातलं काम होतं, कसं ते सांगते.

गारोलचा नर दख्खनी मेंढीला लावला की कोकरं होतात बारकी. बाजारात त्यांना कोण विचारणार? म्हणून गारोलचा जुळ्यांचा गुण तेवढा ठेवायचा आणि तिचा लहान बांधा पिढी-पिढीनं धुऊन काढायचा, असं ठरलं. पण नर कोकरू पाहून त्यात गुण आहे की नाही हे कसं कळणार? नर कधी वीत नाही. त्याच्या लेकी वाढून व्यायपर्यंत थांबलं तर एकेका पिढीला तीन-तीन वर्षं. रक्ताच्या चाचणीनं हे काम काही दिवसांवर आलं. गुण असलेली कोकरं निवडायची, त्यांना लोणंद भागातल्या दख्खनी आणि कर्नाटकातल्या बन्नूर मेंढ्यांशी जुळवायचं, पुन्हा तपासायचं. काहींत दुधासाठी इस्रायलच्या अवासी मेंढीचं रक्तही आणलं. यातून जी तयार झाली ती 'नारी सुवर्णा'. दिसायला आपल्यासारखीच मेंढी, पण साधारण निम्म्या वितींत जुळं देणारी. नुसत्या संस्थेच्या गोठ्यात नव्हे, फलटण भागातल्या मेंढपाळांच्या कळपांत हे नर सोडले, त्यांच्या लेकींची पुढं वर्षानुवर्षं नोंद ठेवली. 2008 साली या जनुकावर जगभरचे शास्त्रज्ञ पुण्यात जमले, ती परिषद हेलन टर्नरबाईंच्याच नावानं भरली होती.

तुमच्या कामाचं गणित आता. प्रत्येक जनावरात प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. नराच्या दोन्ही प्रती जुळ्यांच्या असतील तर तुमच्या साध्या मेंढ्यांपासून झालेल्या त्याच्या सगळ्या लेकींत एकेक प्रत जाणारच. आणि जुळ्यांना एक प्रत पुरते. नरात एकच प्रत असेल तर निम्म्या लेकींत जाईल, निम्म्या कोऱ्या राहतील. दोन प्रतींचा नर, एका प्रतीचा नर आणि बिनगुणाचा नर शेजारी उभे केले तर तुम्हीच काय, चंदाताईही नुसतं बघून ओळखू शकणार नाहीत. 'जुळ्यातला आहे' हा पुरावा होत नाही. जुळ्यात जन्मलेला म्हणजे त्याच्या आईची दोन बीजं सुटली, एवढंच. चांगलं खाऊन-पिऊन असलेली साधी मेंढीही एखादं वर्ष दोन बीजं सोडते. पुरावा एकच, रक्ताच्या चाचणीचा कागद.

कागद मिळाला, नर मिळाला, दोन वर्षं थांबलात, जुळी झाली. मग?

मला खरं इथूनच बोलायचं आहे, कारण व्हिडिओ इथं संपतो. गर्भातल्या कोकराची वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त होते, आणि जुळ्यांच्या वेळी पोटातली जागाच त्यांनी घेतल्यामुळे मेंढीला त्याच दिवसांत चारा कमी मावतो. बाहेर मिळत नाही आणि आत मावत नाही, मग ती अंगावरची चरबी जाळते. मर्यादेबाहेर गेलं की सुस्त होते, दात खाते, कळप सोडून एकटी उभी राहते आणि व्यायच्या आधीच बसते. आमच्या पुस्तकात या रोगाला नाव आहे, तुम्ही नजर लागली म्हणाल. औषधापेक्षा आधीचं खाणं यावर खरं. गाभणीच्या शेवटच्या दीड महिन्यात तिला सरकी पेंड नाहीतर मक्याचा-ज्वारीचा भरडा हवाच, आणि तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट. नुसत्या काढलेल्या रानावर जुळ्यांची मेंढी तगत नाही.

व्याल्यावर कोकरं एकट्यापेक्षा हलकी असतात. हलकं कोकरू लवकर गारठतं, उशिरा उठतं, त्याला पहिल्या तास-दोन तासांत चीक मिळाला नाही तर ते संपलं. आपल्याकडं मेंढ्या वितात त्या थंडीच्या दिवसांत, उघड्या रानात. शिवाय दख्खनी मेंढीच्या कासेत दूध एकाचं. म्हणूनच फलटणवाल्यांना अवासी आठवली. आपल्या वाड्यात पूर्वीपासून दोन-चार शेळ्या असायच्या त्या कशाला, तर आई मेलेल्या किंवा दूध न पुरणाऱ्या कोकरांना पाजायला. आमची आजी कोकराला मांडीवर धरून शेळीच्या सडाला लावायची. आता ते काम कोण करतं?

काकू करते. तुम्ही मला फोन केलात, व्हिडिओवाल्याला केलात, गावातल्या दहा जणांना विचारलंत. काकूला विचारलंत का? मेंढ्या तुम्ही चारता, पण व्यालेल्या मेंढ्या आणि मागं राहिलेली कोकरं काकूकडे असतात. मुक्काम हलला की नवी कोकरं घोड्यावरच्या जाळीत नाहीतर तिच्या डोक्यावरच्या पाटीत. पन्नास कोकरांच्या जागी पंचाहत्तर झाली तर पैसा घरात येईल, पण वरच्या पंचवीस कोकरांना दिवसातून तीनदा कोण पाजणार हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. जी मंडळी अजून बारा महिने हिंडतात त्यांना मी जुळ्यांच्या मेंढ्या घ्या असं सांगणार नाही. तुमचं आता निम्मं वर्ष झरीच्या शिवारात जातं, म्हणून तुमच्याशी एवढं तरी बोलते आहे.

"मग गाईसारखी कांडीच भरा की," असंही तुम्ही म्हणालात. नर विकत घेण्यापेक्षा रेतकांडी स्वस्त, हे बरोबर. पण मेंढीनं इथं माणसाला फार छळलं आहे. गाईत डॉक्टर मागून हात घालून गर्भाशयाचं तोंड बोटांत धरतो आणि दुसऱ्या हातानं नळी आत सरकवतो. मेंढीत हात जात नाही. आणि तिच्या गर्भाशयाच्या तोंडात चार ते सात कूर्चेची कडी असतात, एकापुढं एक, पण एका रेषेत नसलेली. नळी पहिल्या-दुसऱ्या कड्यालाच अडते. मग रेत तोंडाशीच सोडावं लागतं. ताजं असेल तर त्यातले पुष्कळ शुक्राणू पोहत वर जातात. उणे 196 अंशांवर गोठवून पुन्हा वितळवलेले आधीच दमलेले असतात, त्यांना ती वाट झेपत नाही, आणि फळणाऱ्या मेंढ्यांचं प्रमाण फार खाली येतं. शेळीची वाट जरा सरळ, म्हणून शेळ्यांच्या गोठवलेल्या रेतमात्रा निघाल्या आणि चालल्याही.

1982 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी यावर उपाय काढला. मेंढीला उताणी पाळण्यात बांधायचं, पोटाला दोन बारीक छिद्रं पाडून दुर्बीण आत घालायची आणि तोंडाची वाट सोडून रेत थेट गर्भाशयाच्या शिंगात टोचायचं. निम्म्याहून जास्त मेंढ्या फळतात. पण त्याला दुर्बीण हवी, हात बसलेला डॉक्टर हवा, मेंढी आदल्या दिवसापासून उपाशी हवी, आणि सगळ्या मेंढ्या एकाच दिवशी माजावर हव्यात. त्यासाठी बारा ते चौदा दिवस संप्रेरक भिजवलेला स्पंज मेंढीच्या आत ठेवतात, काढला की एक इंजेक्शन देतात, आणि एक-दोन दिवसांत सगळ्या बरोबरीनं माजावर येतात. राजस्थानात अविकानगरला केंद्र सरकारची मेंढी आणि लोकर संशोधन संस्था आहे, 1962 पासूनची. तिनं हा स्पंज देशातच स्वस्तात बनवला. गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी या तीन जाती जुळवून 'अविशान' नावाची जुळी देणारी मेंढीही तिनं तयार केली आहे. किमती नराची पैदास भराभर वाढवायला, परदेशातलं रक्त आणायला हे दुर्बीण-स्पंजाचं तंत्र उपयोगी आहे. शंभर मेंढ्यांच्या वाड्याला त्याचा उपयोग नाही. तुमचा नर पंचवीस-तीस मेंढ्या फुकटात फळवतो आणि त्याला माज ओळखायला शिकवावं लागत नाही. फलटणच्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की सगळं अवघड शास्त्र त्यांनी प्रयोगशाळेत उरकलं आणि मेंढपाळाच्या हाती शेवटी दिला तो चार पायांचा नर. तो सोडायचा कसा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

डॉलीचं तुम्हाला मागं सांगितलं होतं. 1996 साली स्कॉटलंडमध्ये कासेच्या पेशीपासून केलेली मेंढी, 277 प्रयत्नांतून जगलेली एकटी. जगभर गाजली. मेंढपाळाला तिचा काही उपयोग झाला नाही, विषय संपला.

पण मेंढीवरच्या ज्या संशोधनाचं आपल्या घरावर ऋण आहे ते गाजलं नाही, म्हणून चार ओळी जास्त लिहिते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स नावाचे बायकांचे डॉक्टर होते. बाळंतपण नेमकं कशानं सुरू होतं, हा त्यांना पडलेला प्रश्न. त्यांनी मेंढ्या घेतल्या आणि दाखवून दिलं की व्यायची वेळ आई ठरवत नाही, पोटातलं कोकरू ठरवतं. त्याच्या अंगातून एक संप्रेरक वाढतं आणि वेणा सुरू होतात. ते तपासताना त्यांनी काही कोकरांना पोटातच तसलं औषध दिलं. कोकरं वेळेच्या फार आधी जन्मली. इतक्या कोवळ्या कोकराची फुप्फुसं फुलत नाहीत, ती जन्मताच जायला हवी होती. एक मात्र श्वास घेत होतं. 1969 साली त्यांनी हे छापलं. औषधानं फुप्फुसं आधीच पिकली होती. पुढं हॉवी या बालरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी तसलंच इंजेक्शन वेळेआधी वेणा लागलेल्या बायकांना देऊन पाहिलं, 1972 मध्ये ते छापलं, आणि बाळं वाचू लागली. आपल्या ताईला सातव्या महिन्यात परभणीला नेलं तेव्हा तिला चोवीस तासांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं दिली होती, आठवतं? तुम्ही बाहेर बाकावर बसून विचारत होता, बाळंत व्हायच्या आधी सुया कशाला टोचतात. ती हीच. तुमचा नातू आज शाळेत जातो, त्यात ऑकलंडच्या मेंढ्यांचा वाटा आहे. मी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात प्रजननशास्त्र घेतलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "गाई-म्हशी सोडून मेंढरात काय ठेवलंय?" त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नव्हतं, ते हे.

आता तुमच्या वाड्यापुरतं. नराआधी एक स्वस्तातली गोष्ट करून पाहा. आषाढात नर सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मेंढ्यांना रोज मूठ-दोन मूठ भरडा द्या, जंताचं औषध पाजून घ्या. अंगानं सुधारायला लागलेली मेंढी जास्त बीजं सोडते. जनुक नसतानाही एखाद-दुसरं जुळं वाढेल, आणि मुख्य म्हणजे रिकाम्या राहणाऱ्या मेंढ्या कमी होतील. तुमच्या कळपात दर वर्षी ज्या चार-पाच मेंढ्या फळत नाहीत आणि जी कोकरं पहिल्या पंधरवड्यात जातात, तेवढी वाचली तरी जुळ्यांचा निम्मा फायदा घरबसल्या मिळाला. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचलीत का, हे मी दर वर्षी विचारते आणि तुम्ही दर वर्षी विषय बदलता.

दुसरं, वही घाला. कुठली मेंढी कुणाची लेक, तिनं कधी आणि किती दिली, कोकरू जगलं का, हे तुम्ही चेहऱ्यावरून सांगता. शे-सव्वाशे मेंढरांचं तुम्हाला तोंडपाठ आहे, मला वीस जनावरांचंही राहत नाही. पण सीअर्स भावांची नजर तुमच्यासारखीच होती. ती कागदावर आणि वेगळ्या काढलेल्या कळपात उतरली म्हणून पुढच्यांना उपयोगी पडली. धाकट्याला सांगा, तो मोबाइलवर तरी लिहील. कानात बिल्ले मारून घ्या. नर दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्या लेकींना लागतो आणि मग कितीही चांगला गुण असला तरी कोकरं किडकिडीत होत जातात.

एवढं वर्षभर जमलं आणि काकू हो म्हणाली, तर जुळ्यांचा नर आणू. फलटणला मी स्वतः चौकशी करीन. सगळ्या कळपाला तो लावायचा नाही. ज्या दहा-बारा मेंढ्यांच्या कासेला भरपूर दूध आहे तेवढ्याच त्याला द्यायच्या, त्यांच्याच लेकी ठेवायच्या. नर कोकरं बकरी ईदला विकून टाका, त्यांच्यातल्या गुणाचं आपल्याला काम नाही. ज्या लेकी दोन कोकरं पाजून मोठी करतील त्या राहतील, बाकीच्या बाजारात. चार वर्षांनी तुमच्याकडं थोड्याफार जुळ्यांच्या मेंढ्या असतील आणि त्यांना पुरेल एवढं भुसकट कुडात असेल. त्याहून जास्त मी मागणार नाही, तुम्हीही मागू नका.

व्हिडिओवाल्याचा पुन्हा फोन आला तर त्याला दोनच गोष्टी विचारा. नराच्या दोन्ही प्रती जुळ्यांच्या आहेत असा रक्ताच्या चाचणीचा कागद आहे का, आणि त्याच्या लेकी कुणाच्या कळपात व्याल्या, तो कळप दाखवता का. दोन्हींचं उत्तर हो आलं तर मला कळवा, मी बघायला येते. नाही आलं तर पैसे देऊ नका, आणि त्या पैशातली थोडी पेंड आताच घेऊन ठेवा. दिवाळीनंतर भाव वाढतो.

काकूला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

आपली पुतणी